‘मूळ’ हा रकाना : प्रकल्प नोंदी

३ जून

आज कामाला रीतसर सुरुवात. काय करायचं आहे ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाट चुकली तर मागे वळून बघता येईल. वसाहती सत्तेखाली जगलेल्या मूळनिवासी समाजांचं पुरातत्त्व या विषयावर मराठीत एक वाचनपुस्तिका आणि तिच्या जोडीला एक सारणी. सारणीत जगभरातली निवडक स्थळं, तिथे काय मिळालं, आणि मिळालेल्यावरून काय कळलं. आम्ही तिघंजण आहोत. सारणी माझ्याकडे, पुस्तिकेचा मजकूर ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे (आम्ही त्यांना सर म्हणतो), आणि परिभाषा आमच्या भाषेच्या अभ्यासक मैत्रिणीकडे.

रकाने ठरवले: स्थळ, समाज, कुणाची सत्ता, काळ (पासून–पर्यंत), वस्तू, वस्तूचं मूळ. शेवटच्या रकान्यात दोनच पर्याय ठेवलेत, ‘स्थानिक’ आणि ‘युरोपीय’. संग्रहालयांच्या जुन्या याद्या अशाच असतात, त्यामुळे माहिती भरणं सोपं जाईल.

५ जून

दोन दिवस शब्दांतच गेले आणि ते जायलाच हवे होते.

पहिला अडथळा ‘संपर्क’. इंग्रजी लिखाणात वर्षानुवर्षं ‘संस्कृतिसंपर्का’चं पुरातत्त्व असा शब्दप्रयोग चालत आला. पुरातत्त्वज्ञ स्टीफन सिलिमन यांनी २००५ साली यावर थेट बोट ठेवलं: संपर्क म्हणजे दोन बाजूंची थोडक्या वेळाची भेट, आणि इथे तर बोलणं चाललंय जमीन, मजुरी, रोगराई, सक्ती यांनी भरलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या काळाचं. मराठीत तर ‘संपर्क’ म्हणजे फोन लागणं. ‘स्पॅनिशांशी संपर्क आल्यानंतर’ असं वाक्य लिहिलं की त्यातून मिशनमधली वेठ, चाबूक, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या सगळं गळून जातं. ठरलं: जिथे भेट होती तिथे ‘गाठ’, जिथे सत्ता होती तिथे ‘वसाहत’. वाक्य बोचरं झालं तरी चालेल.

दुसरा अडथळा ‘प्रागैतिहासिक’. अमेरिकेत १४९२ (कोलंबसचं येणं) आणि ऑस्ट्रेलियात १७८८ (ब्रिटिश वसाहतीची सुरुवात) ही साल-रेघ ओढून तिच्या आधीचं ते प्रागैतिहासिक, नंतरचं ते ऐतिहासिक, अशी वाटणी बराच काळ झाली. विभाग वेगळे, नियतकालिकं वेगळी, माणसं वेगळी. याचा परिणाम असा की दगडी हत्यारांचा जाणकार वसाहतकाळाच्या थराकडे वळत नाही, आणि बाटल्या-बशांचा जाणकार त्याच थरातला दगडाचा छिलका उचलत नाही. एकच चूल, आणि तिची अर्धी राख एका खोलीत, अर्धी दुसऱ्या खोलीत. हा शब्द पुस्तिकेत वापरायचाच नाही असं मी सुचवलं. सरांनी मान्य केलं, पण एका अटीवर: का वापरला नाही ते एका परिच्छेदात सांगायचं.

समाजाचं नाव मात्र नेहमी त्यांचं स्वतःचं. ‘मूळनिवासी’ हा फक्त सगळ्यांबद्दल एकत्र बोलताना.

९ जून

सारणीत पहिली अडचण आली ती काचेमुळे.

बाटलीच्या काचेपासून घडवलेली टोकं आणि तासण्या ऑस्ट्रेलियात मिळतात, कॅलिफोर्नियात मिळतात, पार दक्षिण अमेरिकेच्या टोकाला तिएरा देल फ्युएगोतही मिळतात. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या किंबर्ली भागातली टोकं तर पानासारखी पातळ, कडेला बारीक दाते असलेली. आधी ती दगडाची होती, मग काच मिळू लागल्यावर काचेचीही झाली. १८७२ साली ऑस्ट्रेलिया उभी चिरत तारायंत्राची लाइन पुरी झाली, तेव्हा खांबांवरचे चिनीमातीचे इन्सुलेटरही याच कामी आले.

आता रकाना भरा. वस्तू: काचेचं टोक. मूळ: ? काच युरोपीय भट्टीतली. घडवणारा हात, घडवण्याची रीत, वापर, देवघेव, सगळं इथलं. यादीत अशी वस्तू बहुतेक वेळा ‘काच’ या सदरात, बाटल्यांच्या तुकड्यांसोबत जाते, आणि मग तिच्याकडे घडवलेलं हत्यार म्हणून कुणी बघतच नाही.

मी पर्याय वाढवला: ‘मिश्र’. तात्पुरता.

१० जून

काच खरंच कशी घडते ते हाताने बघितल्याशिवाय त्यावर लिहू नये, असं वाटून आज करून पाहिलं. डोळ्यांवर चष्मा, मांडीवर जाड चामडं, हातात मोजे, खाली ताडपत्री. जाड बुडाची गडद हिरवी बाटली.

बूडच का निवडतात ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं. बाटलीची कूस पातळ आणि वळलेली असते, दाब दिला की तडा सैरावैरा पळतो. बुडाला जाडी असते, आणि कडेने एक तयार कोन मिळतो जिथून छिलका निघू शकतो. दगडाने टोला मारला तेव्हा पहिला छिलका सुटला: आतल्या बाजूला आघाताच्या जागी छोटा फुगवटा, आणि तिथून पसरत गेलेल्या लाटा, तळ्यात खडा टाकल्यावर उठाव्यात तशा. ज्वालामुखी काच, म्हणजे ऑब्सिडियन, अशीच फुटते. हजारो वर्षं ऑब्सिडियन घडवलेल्या हाताला ही नवी काच अनोळखी वाटली नसणार. फुटण्याची भाषा तीच.

मग कडेवरचं बारीक काम. तांब्याच्या टोकाने कडेवर दाब द्यायचा, आधी आत, मग खाली. चिकाटी लागते. प्रत्येक छिलका नखाएवढा, पुढचा त्याला चिकटून. तासाभरात माझी कड बोटभर लांबीची झाली, तीही वाकडी. जुनी टोकं छायाचित्रात बघितली की दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर निघालेले छिलके दिसतात. त्यामागे किती वर्षांचा सराव असेल याचा अंदाज आज बोटांना आला.

रात्री ताडपत्री झटकताना लक्षात आलं, माझ्या पायाखाली आलेल्या काही तुकड्यांच्या कडाही ‘घडवल्यासारख्या’ दिसत होत्या. हे तपासायला हवं.

१४ जून

तपासलं. न घडवलेले काचेचे तुकडे रेताड मातीत पेरले आणि त्यावरून आम्ही आळीपाळीने चाललो. मग धुऊन, माझ्या घडवलेल्या तुकड्यांत मिसळून, कुठला कुठला ते न सांगता एकमेकांसमोर ठेवले.

तुडवलेल्या तुकड्यांवरचे ओरखडे बहुतेक विस्कळीत असतात: एक वरच्या बाजूने, एक खालच्या, मध्ये मोठी फट, मग अचानक तीन एकत्र. हाताने काढलेले एका बाजूने सलग, सारख्या खोलीचे. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात काही तुकडे आम्हालाही चुकले, आणि दोन्ही दिशांना चुकले. गुरं हिंडलेल्या, नांगर फिरलेल्या जमिनीत हा घोळ कित्येक पट वाढतो. म्हणून जबाबदार अभ्यासक एकट्या कडेवर विसंबत नाहीत. छिलक्यांचा ढीग एका जागी आहे का, बुडांचं प्रमाण गळ्यांपेक्षा जास्त आहे का, आजूबाजूला दगडी छिलके आहेत का, हे सगळं एकत्र बघतात.

बाटलीचं एक देणं मात्र दगडाकडे नाही. ती स्वतःचं वय सांगते. बुडावरचा फुंकनळी-दांड्याचा खडबडीत व्रण, साच्याची शिवण कुठपर्यंत गेली आहे, यावरून घडणीचा काळ कळतो. शिवण थेट ओठावरून गेली असेल तर बाटली पूर्ण यंत्राने बनलेली, म्हणजे विसाव्या शतकातली. अशा बाटलीच्या बुडावर जर नीट काढलेले छिलके असतील, तर ‘अश्मयुगीन’ म्हणून ज्या कसबाची बोळवण केली जाते ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात चालू होतं.

१७ जून

पितळ. क्युबातल्या एल चोरो दे माइता इथल्या दफनभूमीत काही जणांच्या अंगावर धातूच्या बारीक नळ्या मिळाल्या. तपासणीत त्या पितळेच्या निघाल्या. युरोपीय कपड्यांच्या नाड्या ओवायला सोप्या जाव्यात म्हणून टोकाला पत्र्याची जी नळी गुंडाळतात, तीच ही. युरोपात तिची किंमत नाडीएवढी. तिथल्या मूळनिवासी ताइनो लोकांकडे मात्र सोनं, तांबं आणि चांदी यांच्या मिश्रधातूला, ‘ग्वानिन’ला, फार मान होता. लालसर झाक, चमक, हाताला येणारा वास, या गुणांमुळे. तो दक्षिण अमेरिकेच्या मुख्यभूमीवरून यायचा. पितळेत त्यांना तेच गुण दिसले, आणि पितळेला त्यांनी आकाशाशी जोडलं.

‘सोन्याच्या बदल्यात काचमणी घेणारे भोळे लोक’ ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भोळेपणाचा यात संबंध नाही. धातूंची त्यांची स्वतःची जाण होती आणि पितळ त्या जाणिवेत उंच जागी बसलं. जबरदस्ती झाली ती खाणींत, वेठीला माणसं वाटून देण्यात, ती वेगळी नोंदवायची.

रकाना: ‘मिश्र’. मनाला पटलेलं नाही.

२१ जून

वॅम्पम भरायला घेतलं आणि रकाना मोडला.

वॅम्पम म्हणजे उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे शिंपल्याचे मणी, पांढरे एका जातीच्या शंखाचे, जांभळे दुसऱ्या जातीच्या शिंपल्याचे. हौडेनोसौनी या तिथल्या मूळनिवासी समाजांच्या संघाचे आणि त्यांच्या शेजाऱ्यांचे करार, शोक, निरोप या मण्यांच्या पट्ट्यांत गुंफलेले असतात. याहून ‘स्थानिक’ वस्तू कोणती असेल? मी बिनधास्त ‘स्थानिक’ लिहून पुढे गेले. मग वाचताना कळलं की ते सारख्या मापाचे, बारीक भोकाचे नळीदार मणी मोठ्या संख्येने सतराव्या शतकात होऊ लागले ते लोखंडी सामते हाती आल्यावर. आणि मॅसॅच्युसेट्सच्या इंग्रज वसाहतीने १६३७ ते १६६१ या काळात याच मण्यांना कायदेशीर चलन मानलं.

म्हणजे शिंपला इथला, सामता तिकडचा, घडवणारा इथला, चलन म्हणून मोजणारा तिकडचा, आणि पट्ट्यातला अर्थ पुन्हा इथला. ‘मिश्र’ म्हणावं तर मग सारणीतलं सगळंच मिश्र. आणि एक गोष्ट खटकली: ‘मिश्र’ हा शिक्का आपण फक्त एकाच बाजूला मारतो. युरोपातल्या स्वयंपाकघरात अमेरिकेतून आलेला टोमॅटो-बटाटा शिजतो, नाकात तंबाखू जाते, आणि त्यांच्या घराच्या उत्खननात कुणी ‘संस्कृती लोपत चालल्याची खूण’ असं लिहीत नाही.

सरांना संध्याकाळी फोन केला. म्हणाले, “रकाना आधी ठरवला आणि वस्तू नंतर बघितल्या, तिथे गफलत झाली. आता वस्तूंना विचारा रकाने कोणते हवेत.”

२६ जून

फोर्ट रॉस. या एका स्थळावर चार दिवस घालवले.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १८१२ साली रशियन-अमेरिकन कंपनीने ठाणं उभारलं, १८४१ साली विकून टाकलं. कशाया पोमो लोक या जागेला मेतिनी म्हणतात. कंपनीने समुद्री ऑटरच्या (पाणमांजराच्या) शिकारीसाठी अलास्कातून, मुख्यतः कोडियाक बेटावरून, अलुतीक पुरुष आणले. त्यातल्या अनेकांनी आसपासच्या कशाया आणि कोस्ट मिवोक बायकांशी घरं मांडली. तटबंदीच्या बाहेर त्यांची वस्ती होती. तिचं उत्खनन १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून केंट लाइटफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं.

लेखी कागद कुणाचे? कंपनीचे. त्यात पुरुषांची नावं, मजुरी, कातड्यांचे हिशेब. बायका जवळजवळ गप्प. जमिनीत मात्र त्यांचाच आवाज जास्त. घरांची मांडणी, समुद्राकडे बघणारी जागा, समुद्री प्राण्यांचं मांस हे अलुतीक वळणाचं. पण अन्न शिजवण्याची पद्धत कशाया वळणाची: तापवून तडकलेले दगड, जमिनीतल्या भट्ट्या, वाटण्याचे दगड. आतली जमीन झाडून स्वच्छ, कचरा नेमून दिलेल्या जागी. चिनीमातीच्या बशा आहेत, पण टेबल मांडून जेवायला वापरल्यासारख्या नाहीत, बहुतेक तुकड्यांच्या रूपात, घडवायच्या कच्च्या मालासारख्या.

इथे मला एक बाई दिसते. (अभ्यासाच्या नोंदीत असं लिहावं का, याचा विचार केला आणि लिहिते आहे.) सासरचं घर परक्या वळणाचं, नवरा महिनोन्‌महिने समुद्रावर, मालक तिसऱ्याच देशाचा. तिच्या हातात काय उरतं? केर कुठे टाकायचा, दगड किती तापवायचा, कंद किती वेळ पुरून ठेवायचे. तेवढं तिने आपल्या आईसारखं केलं. आणि सुमारे दीडशे वर्षांनी तेच जमिनीत वाचता आलं, कंपनीच्या वहीत नाही.

आणि सारणीत मी या सगळ्यापैकी काय भरणार होते? ‘बशी, तुकडे, मूळ: युरोपीय.’

१ जुलै

बैठक. ‘मूळ’ हा रकाना काढला. त्याजागी तीन: माल कुठून आला, कुणाच्या हातात होता, त्याचं काय केलं. जुन्या सगळ्या नोंदी पुन्हा भराव्या लागणार. भरते.

६ जुलै

‘शेवटचा’ या शब्दावर टिपण. पुस्तिकेच्या मसुद्यात तो तीन ठिकाणी आला होता.

एक, इशी. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावात आलेला, ‘याही’ नावाच्या समाजाचा माणूस. ‘इशी’ हे त्याचं नाव नव्हे, त्याच्या भाषेत ‘माणूस’. खरं नाव त्याने सांगितलं नाही. पुढची साडेचार वर्षं तो विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला, येणाऱ्यांसमोर बाटलीच्या काचेची अतिशय सुबक टोकं घडवत असे. १९१६ साली क्षयाने गेला. त्याचा मेंदू काढून वॉशिंग्टनला पाठवण्यात आला आणि २००० साली तो त्याच्या नातलग समाजांकडे परत आला. त्याच्या समाजाची याना भाषा बोलणाऱ्यांचे वंशज होते म्हणून तर परत देता आला.

दोन, ट्रुगनिनी. ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरची, १८७६ साली वारली. तिने विनवलं होतं की आपल्या देहाची चिरफाड होऊ नये. तिचा सांगाडा १९०४ पासून १९४७ पर्यंत संग्रहालयात मांडलेला होता. १९७६ साली अखेर दहन होऊन रक्षा समुद्रात सोडली गेली. ती सोडणारे लोक टास्मानियाचे मूळनिवासीच होते. मग ‘शेवटची टास्मानियन’ हे वाक्य कुणाच्या सोयीचं?

टास्मानियाच्या लोकांना १८३० च्या दशकात फ्लिंडर्स बेटावर वायबलेना इथे नेऊन ठेवलं, ‘सुधारण्यासाठी’. १८४७ साली उरलेल्यांना ऑयस्टर कोव्हला हलवलं. १९६९ पासून वायबलेना इथे उत्खनन झालं. विटांच्या ओळीतली घरं, सगळी एका मापाची, पण आतला वापर घराघरांत वेगळा निघाला. एकाच साच्यातल्या खोल्यांत माणसं एका साच्यातली झाली नव्हती.

तिन्ही ठिकाणचा ‘शेवटचा’ खोडला. तिसरं ठिकाण अमेरिकेतल्या कनेक्टिकटचे पीक्वॉट लोक. त्यावर स्वतंत्र लिहायचं आहे.

११ जुलै

आजचा दिवस एका कागदाच्या तुकड्यावर.

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर, चिकामा खोऱ्याच्या तोंडाशी, माग्दालेना दे काओ व्हिएखो. १५७० च्या दशकात स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदोच्या हुकमाने आंदीज प्रदेशातल्या दहा लाखांहून अधिक लोकांना आपापल्या वाड्या सोडून चौकोनी आखणीच्या नव्या गावांत घालण्यात आलं. कर गोळा करायला सोपं, प्रवचनाला हजेरी घ्यायला सोपं. हे त्यापैकीच एक गाव. चर्च कोसळलं आणि त्याच्या ढिगाऱ्याखाली, वाळवंटाच्या कोरड्या हवेत, कागद टिकून राहिले.

२००८ साली त्यातलं एक पत्र मिळालं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं. पत्राच्या पाठीमागे कुणीतरी आकडे उतरवले होते. स्पॅनिशमध्ये ऊनो, दोस, त्रेस. मग ४ ते १०, मग २१, ३०, १००, २००. आणि प्रत्येकासमोर त्याच संख्येचा शब्द, एका अशा भाषेतला जी आज कुणी बोलत नाही. किनाऱ्यावरच्या दोन भाषांची नावं जुन्या कागदांत येतात, किंगनाम आणि पेस्कादोरा. ही त्यातली एक असावी. काही शब्द क्वेचुआ कुळाशी जुळतात, बाकीचे कुणाशीच नाहीत.

भाषेची मैत्रीण हे बघून गप्प बसली. मग म्हणाली, “अगं, २१ का घेतला ते कळलं का? वीस आणि एक जोडतात कसे ते बघायला. लिहिणारा मोजायला शिकत होता.” मी इतके दिवस त्या यादीकडे शब्दसंग्रह म्हणून बघत होते. खरंच, दहापर्यंत झाल्यावर थेट २१. जोड कशी होते ते दाखवणारी एवढी एकच संख्या.

सारणीत: माल (कागद, शाई) समुद्रापलीकडचा. हात, बहुधा स्पॅनिश लिहिणाऱ्याचा. काय केलं: गावातल्या माणसाला विचारून त्याच्या तोंडचे आकडे उतरवले. सांगणाऱ्यासाठी रकाना नव्हता. ‘कुणाच्या हातात’ याच्या शेजारी ‘कुणाच्या तोंडचं’ हा नवा रकाना घातला. पुढच्या नोंदींत तो लागेल असं वाटतं.

१५ जुलै

पीक्वॉट.

१६३६ ते १६३८ हे पीक्वॉट आणि इंग्रज वसाहती यांच्यातलं युद्ध. १६३७ च्या मे महिन्यात मिस्टिकच्या तटबंद गावाला इंग्रजांनी आग लावली, बाहेर पडणाऱ्यांना मारलं. मेलेल्यांत बायकामुलं होती. १६३८ च्या हार्टफर्ड तहाने पीक्वॉट हे नाव लावण्यावरच बंदी घातली. माणसं वाटून दिली, नाव कागदावरून पुसलं. तरी १६८३ साली कनेक्टिकटमध्ये ईस्टर्न पीक्वॉट लोकांसाठी राखीव जमीन ठरवावी लागली, कारण लोक होते. ती आजही त्यांच्याकडे आहे.

२००३ पासून त्या जमिनीवर समाजाच्या प्रतिनिधींसोबत विद्यापीठाची क्षेत्रशाळा चालली. काय मिळालं? अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या घरांचे दगडी पाये, चुलाणं, दगडी कुंपणं, बटणं, खिळे, इंग्रजी चिनीमातीची मोप खापरं, गुराढोरांची हाडं आणि शिंपले. नुसती यादी वाचली तर शेजारच्या गरीब गोऱ्या शेतकऱ्याचं घर वाटावं. इथेच ‘मूळ’ हा रकाना किती नुकसान करतो ते दिसतं. त्या रकान्यात ९० टक्के ‘युरोपीय’ पडलं असतं असं नुसतं डोळ्यांनी बघूनही म्हणता येतं, आणि त्यावरून ‘हे लोक पीक्वॉट राहिले नव्हते’ असा निष्कर्ष एका वाक्यावर आहे.

पण त्या बशा कुणाच्या? ज्या घरात आजी, आई आणि मुलगी त्याच बशीत जेवल्या, त्या घरात तिसऱ्या पिढीला ती बशी ‘इंग्रजांची’ वाटत असेल का? ती आजीची बशी. शेतमजुरी, विणकाम, टोपल्या विकून आणलेली. आणि ती ज्या जमिनीवर फुटली, ती जमीन सोडायची नाही हे त्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवलेलं.

हे वाचन हौसेचं नाही. अमेरिकेत संघराज्याची मान्यता मिळवायची तर समाज म्हणून सलग अस्तित्व दाखवावं लागतं. ईस्टर्न पीक्वॉटना ती २००२ साली मिळाली आणि २००५ साली काढून घेण्यात आली. खापराकडे कसं बघायचं, यावर त्यांच्या अर्जाचं वजन अवलंबून असतं.

१९ जुलै

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं नेटिव्ह माउंटेड पोलिस हे घोडेस्वार दल. पुस्तिकेतून वगळावं का, अशी चर्चा झाली. वगळायचं नाही.

गोरे अधिकारी, त्यांच्या हाताखाली मूळनिवासी शिपाई, मुद्दाम दूरच्या मुलखातून भरती केलेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्याच्या उंबरठ्यापर्यंत या दलाने वसाहतवाल्यांसाठी मूळनिवासींच्या कत्तली केल्या. त्यांच्या छावण्यांचा अलीकडे पद्धतशीर अभ्यास झाला, आणि तिथे काडतुसं, गणवेशाची बटणं यांच्यासोबत घडवलेल्या काचेची हत्यारंही निघाली. शिपाई आणि त्यांच्या बायका फुरसतीत जुनंच कसब चालवत होत्या. ‘कुणाच्या हातात’ या रकान्यात नाव एकच आणि त्याच हातात बंदूकही. सरळ भरलं. टिकून राहण्याच्या गोष्टी सांगताना हे लपवलं तर बाकीच्यावर कुणी विश्वास का ठेवावा?

२४ जुलै

दोन गोष्टींवर नियम ठरवले.

पहिली, रडार. जमिनीत विद्युतचुंबकीय लहर सोडतात, मातीचा पोत जिथे बदलतो तिथून ती परतते. खणून पुन्हा भरलेल्या मातीतून लहर आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळी परतू शकते, पण झाडाची मुळं, जुने चर, पाइप यांचेही संकेत येतात. रडार हाड दाखवत नाही, हललेली माती दाखवतं. कॅनडात कॅमलूप्सच्या जुन्या निवासी शाळेच्या (मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायची शाळा) आवारात २०२१ च्या मे महिन्यात २१५ असा आकडा जाहीर झाला, जुलैमध्ये तो २०० संभाव्य दफनं असा झाला. सारणीत ‘संकेत’ आणि ‘उत्खननाने सिद्ध’ या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवायच्या. संकेताला सांगाडा म्हणायचं नाही. त्याच दमात हेही लिहायचं की अशा शाळांत सुमारे दीड लाख मुलं घातली गेली आणि तिथे मुलं दगावली हे कागदपत्रांनी आणि सत्यशोधन आयोगाच्या २०१५ च्या अहवालाने आधीच सिद्ध आहे. खणायचं की नाही हा त्या समाजाचा निर्णय. अभ्यासकाची उत्सुकता तिथे दुय्यम.

दुसरी, छायाचित्रं. दफनातल्या मानवी अवशेषांची आणि दफनात ठेवलेल्या वस्तूंची चित्रं आम्ही छापणार नाही. अमेरिकेत १९९० चा कायदा अवशेष परत करण्याचा आहे, आणि जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी असं काही मांडण्यापूर्वी संबंधित समाजाची संमती लागते. आपण त्या कायद्याखाली येत नाही, पण ज्या मृतांची परवानगी कुणी घेतली नाही त्यांचं चित्र मराठीत आणताना आपल्यालाही ती नाहीच. एल चोरो दे माइताच्या नळ्यांचं चित्र काढलं. वर्णन ठेवलं.

३० जुलै

सारणी संकेतस्थळावर चढवायला दिली आणि काम अडलं. ‘काळ’ या रकान्यात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ दोन्ही सक्तीचे. मी अनेक नोंदींत ‘पर्यंत’ मोकळं सोडलं होतं.

“मॅडम, शेवटचं साल टाकलं नाही तर नोंद जतनच होत नाही,” तांत्रिक बाजू बघणारा मुलगा म्हणाला. “स्थळ सोडलं ते साल टाका ना.”

“सोडलंच नाहीये त्यांनी.”

“मग काय टाकायचं?”

आधी वाटलं चालू वर्ष टाकावं. पण मग पुढच्या वर्षी वाचणाऱ्याला वाटणार की यंदा संपले. त्याला मेतिनी, पीक्वॉट आणि टास्मानिया या तीन नोंदी उघडून दाखवल्या, कुठे काय आहे ते सांगितलं. तो थोडा वेळ वाचत बसला आणि म्हणाला, सक्ती काढता येईल, पण रकाना मोकळा दिसला की लोकांना माहिती अपुरी आहे असं वाटेल, त्यापेक्षा एक शब्द ठरवा.

‘चालू’ ठरला. दुपारी त्याने बदल केला, मी नोंदी पुन्हा जतन केल्या. पहिली गेली: ईस्टर्न पीक्वॉट राखीव जमीन, १६८३ – चालू.

उरलेलं: वॅम्पमच्या नोंदीत ‘कुणाच्या तोंडचं’ भरायचं आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या कोरांडर्क या मूळनिवासींच्या राखीव वस्तीच्या रहिवाशांनी वसाहत सरकारला केलेले अर्ज वाचायचे आहेत.